तबकडीची तीन मिनिटे आणि इंदूरची मैफल

ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्यांनी लोकांची अभिरुची बिघडविली, असे म्हणण्याचा प्रघात आहे. उलट, लोक मागतात तेच आम्ही विकतो, असे कंपन्यांचे म्हणणे. या वादात तबकडीवरील जागेचा विचार मात्र क्वचितच होतो. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपे. १९०२ साली कलकत्त्यास गोहरजानचे गाणे मुद्रित झाले, तेव्हापासून पुढे अर्धे शतक आपल्या गायकांना याच मापात गावे लागले.

ज्यांचे गाणे त्या मापात बसले त्यांचे भाग्य उजळले. बालगंधर्वांचे पद रंगभूमीवर 'वन्समोअर'गणिक वाढत जाई. तबकडीवर ते आटोपशीर झाले आणि नाटक मंडळी जेथे कधी फिरकली नाही अशा गावीही पोचले. अब्दुल करीम खाँसाहेबांनी अखेरच्या वर्षांत ओडियनसाठी ख्याल गाइले तशा ठुमऱ्याही गाइल्या. पैकी झिंझोटीची ठुमरी लोकांच्या ओठी बसली. येथे निवड श्रोत्यांची होती, कंपनीची नव्हे. भावगीत तर या मापाचेच अपत्य म्हणावे लागेल. ना. घ. देशपांडे यांची कविता जी. एन. जोशी यांनी तबकडीवर गाइली, तेव्हा जी वस्तू कोणी मागितलीच नव्हती तिला गिऱ्हाईक लाभले.

इंदूरच्या उस्ताद अमीर खाँची गोष्ट निराळी. होळकर दरबारचे सारंगिये शाहमीर खाँ यांचे हे चिरंजीव. झुमऱ्यातील त्यांचा अतिविलंबित ख्याल तीन मिनिटांत मांडू जाता दोन-चार आवर्तनांतच तबकडी संपावयाची! सामान्य श्रोत्याला त्यांचा आवाज ओळखीचा झाला तो 'बैजू बावरा' (१९५२) आणि 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) या चित्रपटांमुळे. पुढे १९६० साली एका बाजूस मारवा आणि दुसऱ्या बाजूस दरबारी अशी त्यांची दीर्घ मुद्रिका निघाली, आणि ज्या संथपणाला जागा नव्हती तोच संथपणा घरोघर आदर्श ठरला. इतका की, भ्रमणध्वनीवर तोच मारवा ऐकलेला आजचा विद्यार्थी दुसऱ्या कोणाचा मारवा ऐकून 'फार घाई केली' असे बिनदिक्कत म्हणतो. हा निकाल आम्हांस मान्य नाही. एका मुद्रिकेने रागाची हद्द आखू नये.

ज्यांची मुद्रिकाच नाही त्यांचे काय? १९२२ साली दिवंगत झालेल्या भास्करबुवा बखल्यांचा आवाज उरला नाही. 'स्वयंवर' नाटकाला त्यांनी दिलेल्या चाली बालगंधर्वांच्या तबकड्यांतून ऐकावयास मिळतात, एवढाच काय तो आधार. आमच्या इंदुरात ज्यांनी पखवाजाची परंपरा उभी केली त्या नाना पानशांच्या हाताची तर तेवढीही सोय झाली नाही.