लहान मुलांचे हात व साताऱ्याकडील शाळा

महोत्सवाच्या अंकांत देवळाच्या बांधकामाचा व वडीलधाऱ्या मंडळींचा इतिहास यावा हें योग्यच आहे. तथापि आमच्या सातारा-सांगली भागांत लहान मुलांना हातानें वस्तु करावयास शिकविण्याचा जो विचार व जो वाद होऊन गेला, त्याचीही थोडी नोंद येथें करावी असें आम्हांस वाटतें. कारण तो वाद अद्यापि मिटलेला नाहीं.

मूळ पाहूं गेल्यास असें शिक्षण आमच्याकडे नवें नव्हतें. मिरजेची गोष्ट घ्या. तेथील शिकलगार मंडळी हत्यारें घडवीत व त्यांना धार लावीत. एकोणिसाव्या शतकांत हत्यारांची मागणी ओसरली, तेव्हां फरीदसाहेब शिकलगार यांनीं तंबोरे-सतारींच्या दुरुस्तीकडे व पुढें त्या घडविण्याकडे हात वळविला. पात्याची धार जोखणारीं बोटें भोपळ्याच्या कवचाची जाडी जोखूं लागलीं. ती विद्या बापाशेजारीं बसून मुलानें उचलली, आणि २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. परंतु ही विद्या घराच्या उंबऱ्याआडची. सुताराच्या पोराला वाकस व कुंभाराच्या पोराला चाक. आणि ज्यांच्या हातीं पाटी आली त्यांना वाकस धरणें कमीपणाचें! नाझरेथच्या सुताराच्या घरचें स्मरण ठेवणाऱ्या आमच्यासारख्यांच्या घरांतही हा कमीपणा शिरला नव्हता असें म्हणवत नाहीं.

युरोपांत हा प्रश्न आधींच उपस्थित झाला होता. फिनलंडमध्यें ऊनो सिग्नेउस यांच्या प्रेरणेनें १८६६ सालीं लोकशाळांत हस्तकला आवश्यक झाली; स्वीडनमध्यें ओटो सालोमन यांनीं शिक्षकांना तीच पद्धति शिकविली. मुलांना सुतार करावयाचें हा त्यांचा हेतु नव्हता. सुतारकामानें मुलाची नजर व चित्त घडावें, एवढाच होता.

आमच्याकडे औंध संस्थानचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि स्वतः चित्रकार. त्यांच्याच संस्थानांतील कुंडलजवळच्या माळावर १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं किर्लोस्करवाडी वसविली. लक्ष्मणराव मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी; डोळ्यांना रंग नीट ओळखतां येईनात म्हणून चित्रकला सुटली, यंत्रांचें रेखन मात्र टिकलें, आणि त्यांतून लोखंडी नांगर निघाला. ते नांगर व ओगल्यांचे कंदील विकीत गांवोगांव हिंडलेले भाऊराव पाटील यांनीं ४ ऑक्टोबर १९१९ रोजीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ मध्यें साताऱ्यास त्यांचें वसतिगृह निघालें. तेथें सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस जेवीत व शेतांत, बांधकामावर एकत्र खपत. प्राथमिक शिक्षकांसाठीं त्यांनीं १९३५ सालीं अध्यापन विद्यालयही काढलें.

मग वर्धा. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं तेथें भरलेल्या परिषदेंत गांधीजींनीं एखाद्या हस्तव्यवसायाभोंवतीं सगळें शिक्षण गुंफण्याची योजना मांडली. मुलांच्या कामांतून शिक्षकाचा पगार निघावा, हा तिचा सर्वांत वादग्रस्त भाग. के. टी. शहा यांनीं तेथेंच त्यास विरोध केला. झाकीर हुसेन समितीनें योजना उचलून धरली खरी, पण कमाईवरच दृष्टि ठेवणारा शिक्षक मुलांकडून जास्तींत जास्त काम करवून घेण्यांतच लक्ष घालील, अशी धोक्याची सूचनाही अहवालांत नमूद केली. आम्हांस ती सूचना योजनेइतकीच मोलाची वाटते. नांगर धरणाऱ्या बापानें पोराला शाळेंत धाडलें तें अक्षरासाठीं; तेथेंही तकलीच फिरवावयाची असेल तर घरचें काम काय वाईट, ही त्याची शंका आळसाची नव्हती.

आमच्या मतें येथें दोन गोष्टींचा घोटाळा झाला. वस्तूची किंमत निराळी आणि वस्तु करतांना होणारा विचार निराळा. आमच्या खेड्यांतलीं मुलें चिपाडांची गाडी करतात ती पाहावी. पहिल्या खेपेस चाक घासतें. मूल गाडी उलटी करून पाहतें, आंस एका बाजूस कललेला दिसतो. तें भोंक मोठें करतें, मग चाक डुगडुगतें. तेव्हां कांट्याची खीळ मारून तें चाक बसवितें, आणि गाडी चालते. बेंदराच्या आधीं मातीचे बैल करतांना पाय बारीक केले तर बैल बसतो, हें त्याला कोणी सांगावें लागत नाहीं. त्या गाडीला बाजारांत एक पैसा येणार नाहीं. पण शिकणें जें व्हावयाचें तें त्या उलट्या गाडीपाशींच होतें.

स्वातंत्र्यानंतर १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा निघाला व १९६० मध्यें त्यास सांगली हें नांव मिळालें. कोठारी आयोगानें (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली. तो तास आम्हींही पाहिला आहे. गुरुजींनीं फळ्यावर जें काढावें तेंच सर्वांनीं करावें, आणि प्रदर्शनाच्या आदल्या रात्रीं घरोघरीं वडील मंडळींनीं खळ लावीत बसावें! आमचा स्वतःचा पुठ्ठ्याचा बंगला आमच्या मामांनीं केला होता, व त्यालाच बक्षीस मिळालें. हें आज कबूल करण्यास हरकत नाहीं.

इंग्लंडांत १९९० पासून पांच वर्षांच्या मुलांपासून हा विषय अभ्यासक्रमांत आला. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानें सहावीच्या सुमाराच्या मुलांकडून पुस्तकांची पिशवी, वजन उचलणारी पवनचक्की व बाहुल्या करविल्या. आधीं मुलांनीं चित्र काढावें, मग साहित्य ठरवावें, मग वस्तु करावी व शेवटीं तिचे दोष सांगावे, असा क्रम ठेविला. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानें सहावी ते आठवीच्या मुलांस दहा दिवस दप्तराविना सुतार-कुंभारांकडे धाडण्याचें सुचविलें आहे. मात्र चिपाडाची गाडी करण्याचें वय त्याच्या कितीतरी आधींचें असतें.

यंदा महोत्सवानिमित्त कोठें मुलांच्या वस्तूंचें प्रदर्शन मांडलें गेलें, तर वाकड्या चाकाची गाडी कोपऱ्यांत लपवूं नये, इतकी आमची विनंति आहे. आम्ही आधीं तीच पाहूं, व चाक कशामुळें वाकडें झालें तें तिच्या कर्त्यासच विचारूं.