खाजणबांधाची वाट

ठाण्याच्या खाडीच्या पश्चिम काठाने, मुलुंड, भांडुप आणि कांजूर या उपनगरांच्या पूर्वेस, जी पायवाट आज पक्षिनिरीक्षकांच्या परिचयाची झाली आहे, ती मुळात चालण्यासाठी घातलेली नव्हती. भरतीच्या पाण्याला आवरणाऱ्या मातीच्या बांधांचा तो माथा होय. भरतीखाली जाणाऱ्या सखल जमिनीस खाजण म्हणतात, आणि खाजणाला बांध घातला की ती जमीन एक तर भातासाठी गोडी करता येते किंवा मिठासाठी खारीच राखता येते. दोहोंतील बांध दिसायला सारखा असला तरी त्याचे काम उलटे असते: भाताच्या बांधातली उघाडी, म्हणजे झडपेचे दार, ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर सोडते आणि भरतीला मिटते, तर मिठागराचा बांध अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचे पाणी मोजून आत घेतो, जे पुढे उथळ वाफ्यांतून फिरत उन्हाने दाट होत जाते. अशा आगरांत राबणाऱ्यांना आगरी हे नाव मिळाले असे सामान्यतः मानले जाते.

बांधाची खरी अडचण तो बांधण्यात नव्हे, टिकवण्यात होती, कारण खेकड्याच्या एका बिळातूनही पाणी शिरून खांड, म्हणजे भगदाड, पडू शकते. जुन्या ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील शिलोत्री पद्धतीत बाहेरील बांधाच्या डागडुजीसाठी कुळांकडून भाताच्या रूपाने वेगळी पट्टी घेतली जाई, यावरून या कामाचे मोल कळते.

इंग्रजी अमलात मीठ हा सरकारी उत्पन्नाचा विषय झाला आणि 1890च्या मुंबई मीठ कायद्याने परवान्यावाचून मीठ पिकवणे गुन्हा ठरवले. ज्या बांधावरून मजूर टोपल्या वाहत, तो आता पहाऱ्याखाली आला. 1930 साली सत्याग्रहींनी मुंबईतील वडाळ्याच्या आगरांवर धाव घेतली ती या बंधनाविरुद्ध, आणि मिठावरील कर उठला तो 1947 साली.

पुढे पूर्व द्रुतगती महामार्गाने वस्ती आणि खाडी यांच्यात रेघ ओढली. 2015 साली खाडीचा काही भाग रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला व 2022 साली खाडीला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. मात्र हा मान पाण्याला व पक्ष्यांना मिळाला, बांधाला नव्हे. जेथे मीठ पिकणे थांबले तेथे दरवर्षीची माती पडेनाशी होते, तिवरे चढून येतात आणि पहिल्या खांडीपाशी वाट संपते.