सविराम दोषाचे निदान : नौकेवरील डिझेल इंजिनाच्या संदर्भात

प्रस्तुत विवेचन नौकेच्या आत बसविलेल्या डिझेल इंजिनापुरते मर्यादित आहे. नौकेच्या मागे बाहेरून लावलेली पेट्रोलची इंजिने येथे घेतलेली नाहीत. त्यांत ठिणगीचा स्वतंत्र विचार करावा लागतो. चालकाने थांबविलेले नसता इंजिन थांबणे, यास 'बंद पडणे' म्हणावे. बंद पडलेले इंजिन कोणताही भाग न बदलता पुन्हा चालू होत असेल आणि कालांतराने पुन्हा थांबत असेल, तर तो दोष 'सविराम' होय. स्थायी दोषाचे निदान तुलनेने सुकर असते, कारण दोषाचा हेतू तपासणीच्या वेळी उपस्थित असतो. सविराम दोषात पाना हाती घेईपर्यंत तो हेतू नाहीसा झालेला असतो.

या व्याख्येतूनच पहिला निष्कर्ष निघतो. डिझेल इंजिनास हवा, तिचे पुरेसे संपीडन आणि योग्य क्षणी योग्य मात्रेत इंधन, एवढे लागते. संपीडनाने हवा ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते व इंधन आपोआप पेटते. झिजलेल्या रिंगा किंवा गळका व्हॉल्व्ह अर्ध्या तासाच्या विश्रांतीने पूर्ववत होत नाहीत. म्हणून संपीडनाचा दोष येथे बहुधा वगळता येतो. हवेचा कोंडलेला मार्गही सहसा आपणहून खुलत नाही. उरते इंधन, आणि त्याच्या जोडीला इंजिनावरील भार व इंजिन थांबविणारी विद्युत यंत्रणा.

इंजिन बंद का पडले, हा प्रश्न त्यामुळे येथे गौण ठरतो. ते पुन्हा चालू का झाले, हा मुख्य प्रश्न होय. मधल्या काळात जे बदलले त्यातच हेतू दडलेला असतो, आणि बदलणाऱ्या गोष्टी चारच आहेत : (१) लोटलेला काळ, (२) नौकेची हालचाल, (३) उष्णता, (४) भार.

काळाने दूर होणारे दोष प्रामुख्याने दोन. टाकीतून जितके डिझेल जाते तितकी हवा वायुनलिकेतून आत यावी लागते. ही नलिका मीठ, रंग वा कीटकांच्या घरट्याने बुजली, तर टाकीत निर्वात वाढत जातो आणि अखेर पंपाला डिझेल ओढता येत नाही. इंजिन थांबल्यावर हवा फटीफटींतून हळूहळू शिरते आणि इंजिन पुन्हा चालते. टाकीचे झाकण उघडताच हवा आत शिरल्याचा आवाज येणे, हे याचे लक्षण. दुसरा दोष गाळाचा. शोषनलिकेच्या तोंडाशी गाळ ओढला जाऊन तोंड बंद होते. ओढ संपताच गाळ खाली बसतो.

येथेच निदानातील सर्वांत मोठा भ्रम उत्पन्न होतो. इंजिन बंद पडते, फिल्टर बदलला जातो, इंजिन चालू होते आणि श्रेय फिल्टरला मिळते. वस्तुतः फिल्टर बदलण्यास लागलेल्या वेळात टाकीने श्वास घेतलेला असतो किंवा गाळ बसलेला असतो. हा शुद्ध काकतालीय न्याय आहे. नवा फिल्टर घालूनही दोष परतला, तर फिल्टरच्या प्रतीबद्दल शंका घेण्यापूर्वी त्याच्या मागे, टाकीकडे जावे.

हालचालीवर अवलंबून असणारा दोष मुख्यतः पाण्याचा. डिझेलचा एक लिटर सुमारे ०.८३ किलो भरतो. पाणी त्याहून जड असल्याने तळाशी राहते. बंदरात संथ उभ्या नौकेत ते नलिकेपर्यंत पोहोचत नाही. लाटांवर टाकी हेलावली की पोहोचते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या मासेमारी बंदीत नौका उभ्या असतात. अर्धवट भरलेल्या टाकीच्या रिकाम्या भागात पावसाळी हवेतील बाष्पाचे पाणी होते, आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीवांचा चिकट थर वाढतो. हंगामाच्या आरंभी बंद पडणाऱ्या इंजिनाबाबत टाकीचा तळ प्रथम तपासावा.

इंधनात शिरणारी हवा हा या दोषांचा निकटवर्ती, परंतु भिन्न प्रकार. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या मार्गात दाब बहुधा वातावरणाहून कमी असतो. तेथील सैल सांधा डिझेल गाळत नाही, हवा ओढतो. सांधा कोरडा आहे म्हणून तो निर्दोष, हे अनुमान त्या भागात असिद्ध आहे. हातपंप मारून एअर काढल्याशिवाय इंजिन चालू होत नसेल, तर हवेचा संशय बळावतो. नुसत्या थांबण्याने चालू होत असेल, तर दुर्बल होतो.

उष्णता व भार यांविषयी थोडक्यात. तापल्यावर थांबणे व गार झाल्यावर चालणे हे जीर्ण इंधनपंपाचे किंवा थांबविणाऱ्या सोलेनॉइडचे लक्षण असू शकते. न्यूट्रलमध्ये चालणारे इंजिन गिअर टाकताच बंद पडले, तर पाण्याखालील पंख्यात दोर वा जाळे अडकले आहे का, हे आधी पाहावे. थांबण्याची रीतही साक्ष देते : गती खालीवर होत मंदावणे हे इंधन तुटल्याचे, तर कळ दाबल्यासारखे एकाएकी थांबणे हे बहुधा विद्युत जोडणीचे चिन्ह.

निर्णायक परीक्षा अन्वय-व्यतिरेकाची. स्वच्छ डिझेलचा डबा इंजिनाजवळ घट्ट बांधून पुरवठ्याची व परतीची अशा दोन्ही नळ्या त्याला जोडाव्यात. मूळ टाकीवर बंद पडणारे इंजिन त्याच भाराखाली डब्यावर अखंड चालले, तर दोष टाकीत किंवा तिच्या नळीत आहे. तरीही बंद पडले, तर पुढे आहे. एका वेळी एकच बदल करावा. प्रत्येक वेळी चाललेला काळ, भार, समुद्राची स्थिती आणि टाकीतील पातळी लिहून ठेवावी. या नोंदीवाचून अन्वय सिद्ध होत नाही.

दुरुस्ती झाली, असे इंजिन चालू होताच म्हणू नये. ते तर दोषासहितही चालू होतच होते. पूर्वी ज्या अवधीनंतर ते बंद पडत असे, त्याहून बऱ्याच दीर्घ काळ, त्याच भाराखाली ते आश्रयाच्या पाण्यात चालवून पाहावे. खाडीच्या मुखाशी इंजिन थांबले की नौका लाटेला आडवी होते आणि नांगर टाकण्यास क्षणच उरतात. ही परीक्षा पूर्ण होईपर्यंत नौका चालविणाऱ्या तांडेलांनी मुख ओलांडू नये.