मेंढ्याचा ‘ग्रुप’

हल्ली “मन मोकळं करायला कुणी नाही” म्हणणारा माणूस किमान पंधरा-वीस व्हॉट्सअॅप ग्रुपांत असतो. शाळेचा, ऑफिसचा, सोसायटीचा, मावस-चुलत भावंडांचा... मग अडतंय कुठे? मला याचं एक उत्तर गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाच्या इतिहासात सापडतं.

शंभरेक घरांचं गाव. १९८० च्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झालं, त्यातून गाव जागं झालं. त्याच दशकाच्या अखेरीस गावाने घोटुल पुन्हा उभारलं. घोटुल म्हणजे तरुण पोरापोरींनी एकत्र जमायची जागा. वनखात्याने लाकडावरून हरकत घेतली आणि ते मोडलं. गावाने परत बांधलं. इतकंच नाही, आजूबाजूच्या गावांनीही आपापली घोटुलं बांधली! नुसत्या एकत्र बसायच्या जागेसाठी एवढा हट्ट.

देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने गावाने दोन वेगळ्या बैठका रुळवल्या. अभ्यासगटात फक्त चर्चा. निर्णय अजिबात नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एकाचं जरी पटलं नाही, तरी विषय पुढच्या सभेवर. आपल्याला हे भयंकर स्लो वाटेल. पण याच गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं.

आता मनाच्या आरोग्याचं. १४८ अभ्यास एकत्र करून २०१० मध्ये निघालेला निष्कर्ष असा, की ज्यांची नाती घट्ट, त्यांची त्या-त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त. नाती घट्ट म्हणजे नुसता आकडा मोठा नव्हे, बरं का. आपल्या ग्रुपात कुणी गप्प झालं की ते कुणाच्या लक्षातही येत नाही. वर त्या गप्प बसण्यालाच होकार समजतात. मेंढ्यात मात्र नाही म्हणणाऱ्यासाठी अख्खं गाव थांबतं.

मेंढा म्हणजे स्वर्ग नाही, आणि आपण काही तिकडे राहायला जाणार नाही. पण आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, ही जाणीव माणसाला धरून ठेवते. हजार मेंबरांच्या ग्रुपात ती मिळणं अवघडच. चार-सहा जणांत मिळू शकते, फक्त त्यांनी एकमेकांसाठी थांबायला हवं.