पुलावर उभा राहिलेला बिशप

कीर्तनाला उभे राहणाऱ्या प्रत्येकाने हे सोसलेले असते. निरूपण ऐन रंगात यावे आणि मागची चार माणसे उपरणे झटकून उठावीत. अशी माणसे तेराशे वर्षांपूर्वी विलायतेतही होती.

तिथे वेसेक्सच्या राज्यात आल्डहेल्म नावाचा सॅक्सन सत्पुरुष होऊन गेला. आफ्रिकेतून आलेल्या हेड्रियन या गुरूंकडे तो कँटरबरीला शिकला, माम्सबरीच्या मठाचा अधिपती झाला आणि इ. स. ७०५ मध्ये शेरबर्नचा बिशप. लॅटिनमध्ये त्याने शंभर कोडी पद्यात रचली. त्याचे गद्य तर असे की पंडितालाही घाम फुटावा.

पण गावच्या लोकांना लॅटिन कुठले कळणार? ते प्रार्थनेला येत आणि ती संपली की प्रवचन न ऐकताच घराकडे पळत. आल्डहेल्म रागावला नाही. गावाबाहेर जाण्याच्या वाटेवर पूल होता. तिथे तो आडवा उभा राहिला आणि पेशाने गाणारा असावा तसा लोकांच्याच बोलीत गाऊ लागला. पावले थांबली. असे एकदाच नव्हे, अनेकदा झाले. गर्दीला गोडी लागल्यावर हळूहळू त्याच गाण्यात त्याने धर्मग्रंथाची वचने मिसळली. ही हकीकत बाराव्या शतकात त्याच मठातल्या विल्यम नावाच्या साधूने लिहून ठेवली. तो म्हणतो, दटावून आणि बहिष्कार घालून काहीच साधले नसते.

पैठणच्या नाथमहाराजांची इथे आठवण होतेच. संस्कृताचा एवढा अधिकार, पण भारुडात वासुदेव झाले, जोशी झाले. दोघांची गाठ पडण्याचा प्रश्नच नाही, मधे आठ-नऊशे वर्षे आणि सात समुद्र. तरी ऐकणाऱ्याची नड दोघांनी सारखीच ओळखली.

७०९ साली डोल्टिंग या खेड्यात त्याने देह ठेवला. तिथून माम्सबरीपर्यंत त्याचा देह नेताना वाटेत दर सात मैलांवर दगडी क्रूस उभारले, असे विल्यम सांगतो.

पुढे दोनशे वर्षांनी आल्फ्रेड राजाने त्याच्या बोलीतल्या गाण्यांची थोरवी गायिली. त्यातले एक तेव्हाही लोकांच्या तोंडी होते म्हणे. आज त्याची लॅटिन पोथी ग्रंथालयात सापडते, पुलावरच्या गाण्याची एक ओळही उरलेली नाही. हे कळले त्या रात्री मी माझी जुनी चालींची वही काढून बसलो. निम्म्या चाली आता मलाच आठवत नाहीत.