तहानलेल्या इंजिनाला टर्बो का लागला?

माझदा म्हटलं की आपल्याकडे आजही शाळेची बस आठवते. स्वराज माझदा. लग्नाचं वऱ्हाडही तिच्यातूनच गेलेलं. पण परवा एका तरुण वाचकाने व्हिडिओ पाठवला. अमेरिकेतला एक पठ्ठ्या माझदाच्याच चाळीस वर्षं जुन्या आरएक्स-7 स्पोर्ट्स कारला घरच्या गॅरेजात टर्बो बसवतोय. खाली प्रश्न: "दादा, कंपनीने जे दिलं नाही ते हे लोक कशाला लावत बसतात?"

कंपनीने दिलं होतं रे बाबा. फक्त जपानात दिलं, अमेरिकेत नाही. आणि त्यामागे मोठी भानगड आहे.

1960 च्या सुमाराची गोष्ट. हिरोशिमाच्या या कंपनीचं नाव तेव्हा तोयो कोग्यो. ओळख मुख्यतः तीनचाकी मालवाहू गाड्यांची. जपान सरकारच्या मनात होतं की छोट्या मोटार कंपन्या मोठ्यांमध्ये विलीन कराव्यात. आपलं वेगळं असं काही दाखवलं नाही तर आपण संपलो, हे मालक त्सुनेजी मात्सुदा यांनी ओळखलं. जर्मनीतल्या एनएसयू कंपनीकडे फेलिक्स वान्केलचं रोटरी इंजिन होतं. त्याचा परवाना त्यांनी 1961 मध्ये मिळवला. थोडक्यात, हे इंजिन हौस म्हणून नाही, जीव वाचवायला आणलेलं.

या इंजिनात वरखाली होणारा पिस्टन नाही. तिकोनी रोटर एका लंबगोल पोकळीत गरगर फिरतो. त्याच्या तीन टोकांना पातळ पट्ट्या असतात, त्यांना एपेक्स सील म्हणतात. सगळा दाब त्या धरून ठेवतात. सुरुवातीला या पट्ट्यांनी पोकळीच्या भिंतीवर असे ओरखडे काढले, की जपानी इंजिनिअर त्यांना सैतानाच्या नखांचे वळ म्हणू लागले. केनिची यामामोतो आणि त्यांच्या 47 जणांच्या तुकडीने तो प्रश्न सोडवला आणि 1967 मध्ये कॉस्मो स्पोर्ट विक्रीला आली.

पुढे 1973 चं तेलसंकट. अमेरिकी सरकारच्या चाचणीत माझदाच्या रोटरी गाड्या शहरात गॅलनला जेमतेम 11 मैल धावल्या, म्हणजे लिटरला पाच किलोमीटरसुद्धा नाही. विक्री कोसळली. सुमितोमो बँकेला मध्ये पडावं लागलं. कारखान्यातले हजारो कामगार शोरूममध्ये गाड्या विकायला पाठवले गेले. मशीनवर काम केलेल्या माणसाला दारोदार गाडी विकायला लावायची, विचार करा. कंपनी हे इंजिन तेव्हाच सोडून देती तर कुणी नावं ठेवली नसती. तिने उलट 1978 मध्ये आरएक्स-7 काढली. 1,146 सीसी इंजिन, वजन एक टनाच्या आसपास. पहिल्या पिढीच्या सुमारे पावणेपाच लाख गाड्या बनल्या, त्यातल्या पावणेचार लाखांहून जास्त एकट्या अमेरिकेत गेल्या.

आता टर्बो. आपल्या ट्रकच्या मागे हा शब्द रंगवलेला असतोच. धुराड्यातून बाहेर पडणारा गरम वायू एक पंखा फिरवतो, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा इंजिनात जादा हवा कोंबतो. रोटरीची जळण्याची जागा लांबट आणि चपटी, त्यामुळे बरीच उष्णता वाया जाऊन धुराड्यातून निघते. वाटेत व्हॉल्व्हही नाही. जी उधळपट्टी रोटरीची बदनामी होती, तीच टर्बोला खुराक.

शिवाय कर. जपानात रोटरीचे सीसी दीडपटीने मोजत. 1,146 चे 1,719 होत आणि मोठ्या 1,308 सीसी इंजिनाचे 1,962. म्हणजे 2,000 च्या रेषेखाली कसंबसं. त्यावर कर चढा. सीसी वाढवायला जागा नव्हती, हवा वाढवता येत होती. (चार मीटरच्या सवलतीत बसायला आपल्या पुण्यात इंडिगोची डिकी छाटली होती, आठवतंय? गाडीचा आकार बरेचदा करखातंच ठरवतं.) 1982 मध्ये कॉस्मोला आणि 1983 मध्ये आरएक्स-7 ला टर्बो मिळाला, ताकद 165 पीएस. अमेरिकेच्या वाट्याला 1984 मध्ये आलं ते बिनटर्बोचं 1,308 सीसी, 135 अश्वशक्ती. तिथल्या लोकांनी मग स्वतःच पाने हातात घेतले.

पण इथेच गोम आहे. पुढच्या पिढीत कंपनीने टर्बोच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन 9.4 वरून 8.5 वर उतरवलं होतं. घरी टर्बो लावणाऱ्याकडे बहुधा जुनं 9.4 चं इंजिन आणि कार्बोरेटर. टर्बोची हवा कार्बोरेटरमध्ये ढकलायची तर पेट्रोलचा दाब त्या हवेपेक्षा कायम जास्त हवा. तो कमी पडला की मिश्रण पातळ होतं, इंजिन ठोकायला लागतं. पिस्टनचं इंजिन थोडं ठोकणं सोसतं. रोटरीत एपेक्स सील तडकतं आणि त्याचे तुकडे धुराड्यातून थेट टर्बोच्या पंख्यात जातात. एका झटक्यात दोन्ही गेले.

व्हिडिओ मी पुन्हा पाहिला. त्या पठ्ठ्याने पहिल्या दिवशी टर्बो खोक्यातून काढलाच नाही. आधी पेट्रोलचा नवा पंप बसवला, मग दाबाचा रेग्युलेटर, मग डॅशबोर्डवर मीटर. टर्बोची पाळी तिसऱ्या दिवशी आली.