बंबवाला

घाटनांदूरला उन्हाळ्यात कडब्याची गंजी पेटली, की ओरड होते ती 'बंब बोलवा!' अशी. हाक यंत्राला असते. ते चालवणाऱ्याला आपल्या बोलीत वेगळे नाव नाही. बंबाबरोबर येतो म्हणून तो बंबवाला.

हा बंब मूळचा पोर्तुगीज. त्या भाषेत 'बोंबा' म्हणजे पाण्याचा पंप आणि आग विझवणारा तो 'बोंबेइरो'. फ्रेंचांचा 'पोंपिए'ही पंपावरूनच आला. पोर्तुगीज किनाऱ्यावर राहिले, शब्द मात्र घाट चढून आपल्याकडे आला. इथे त्याने कामेही दोन उलटी पत्करली. रस्त्यावरचा बंब आग विझवतो आणि न्हाणीतला तांब्याचा बंब पोटात विस्तव घेऊन पाणी तापवतो!

'अग्निशामक' संस्कृतातला. राग शमतो, तहान शमते, तशी आग शमवणारा. शब्द देखणा खरा, पण गाडीवर रंगवण्यापुरता. आगीपुढे तो कुणाच्या तोंडी येत नाही.

मला जवळचे वाटते ते जुन्या रोममधले नाव. सम्राट ऑगस्टसने इ. स. ६ मध्ये आगीसाठी सात तुकड्या उभारल्या. त्यांत भरती मुख्यतः गुलामगिरीतून सुटलेल्यांची. त्यांना म्हणत 'विगिलेस', म्हणजे जागे राहणारे. आपल्या गावगाड्यातला जागल्याच की हा!

मुंबईत आगीचे काम पूर्वी पोलिसांकडे होते, १८८७ साली ते महापालिकेकडे आले. १४ एप्रिल १९४४ रोजी गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाज पेटले. त्यात कापसाच्या गाठीही होत्या आणि स्फोटकेही. दुपारी चारच्या सुमारास जहाज फुटले, तेव्हा बंबवाले पाणीच मारत होते. त्यांतले ६६ जण गेले. म्हणून १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन. मराठवाड्यात ही तारीख आंबेडकर जयंतीची म्हणून सर्वांच्या ओठांवर असते. या ६६ जणांची आठवण क्वचितच निघते.

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांच्या कामांत, अग्निशमन आहे. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांत ते नाही. त्यामुळे ग्रामपंचायतीच्या गावाला बंबासाठी अंबाजोगाई-परळीसारख्या नगरपालिकेच्या गावाकडे डोळे लावावे लागतात. तोवर घागरी, ओले गोणपाट, विहिरीवरच्या मोटारीचा पाइप घेऊन शेजारीपाजारी धावतात, पेटत्या पेंढ्या ओढून बाजूला काढतात, हात भाजून घेतात. दुसऱ्या दिवशी बातमीत त्यांच्यासाठी एवढाच शब्द असतो : 'ग्रामस्थ'.